दाढेचा कोपरा

भडंगातला शेंगदाणा होता. हाड नव्हतं, सुपारी नव्हती, उसाचं कांडंही नव्हतं. मूठभर भडंगातला एक भाजका शेंगदाणा अंबूबाईनं डाव्या दाढेखाली धरला आणि तोंडात असा कडाडून आवाज झाला, की समोर उकिडव्या बसलेल्या पिराजीच्या बशीतला चहा सांडला.

"काय मोडलं वो?" पिराजीनं विचारलं.

अंबूबाईनं उत्तर दिलं नाही. ही बाई झोपेतसुद्धा कुणाला तरी झाडत असते, असं सारी कुंभार गल्ली म्हणायची. ती गप्प बसली तेव्हाच अंगणातल्या पंधरा-वीस माणसांना कळलं, की काहीतरी भलतंच झालंय. तिनं तळहात हनुवटीखाली धरला, जीभ फिरवली आणि तोंडातलं सगळं हातावर घेतलं. चावलेल्या चुरमुऱ्यांत एक पांढरा तुकडा होता. अंड्याच्या टरफलासारखा. उन्हात चमकत होता.

"आगं बया," एवढंच ती म्हणाली, आणि तेही हळू.

दोन महिने झाले नव्हते. तिच्या धाकट्या सुनेनं, डॉक्टर संयोगितानं, तिच्या या दाढेची नस काढून वर चिनी मातीची पांढरी कॅप बसवली होती. बसवली त्या दिवशी अंबूबाई गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दारोदार तोंड उघडून फिरली. "सांग बघू, ह्यातली नवी कुठली?" कुणालाही सांगता आली नाही. सुनेच्या दवाखान्याचं नाव झालं, आणि सुनेपेक्षा सासूचं जास्त झालं.

आणि मोडायला दिवस तरी कुठला निवडावा तिनं? वाजवणीचा.

अंबूबाईच्या घरात देवीचे थोरले मुखवटे घडतात. हातभर उंचीचे, गावोगावच्या देवळांतून सांगून ठेवलेले. ते साच्यातनं काढायचं काम नव्हे. लाकडाचा ठोकळा तासायचा, त्याच्यावर शाडू चढवायचा, सावलीत वाळवायचा आणि मग ठोकळा अलगद मागनं काढून घ्यायचा. पहिली खेप वाळली की अंबूबाई पाटावर बसते, एकेक मुखवटा मांडीवर घेते आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघते. पोट भरीव असलं तर त्याचा आवाज एक, पातळ असलं तर दुसरा. पातळ निघाला की तो तिथंच, सगळ्यांसमोर, थापीच्या एका घावात फुटतो आणि करणाऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं जातं. यातून कुणाची सुटका नाही. नवरा हयात असताना एकदा त्याचाही फुटला होता. "ह्यो बाळासोचा," असं नवऱ्याचं नाव तिनं जन्मात एकदाच घेतलं, ते त्यासाठी.

त्या सकाळी पिराजीचा फुटला होता. तीस वर्षं त्या अंगणात काम करणाऱ्या, डोक्यावरचे केस पिकलेल्या पिराजीचा.

"कोपरा ठिवलास ठोकळ्याला," खापऱ्या त्याच्या पायाशी सारत ती म्हणाली होती. "कितींदा सांगायचं? लाकडाचा कोपरा मातीला आतनं खातो. आदी ठोकळा तास, लहान कर, सगळ्या अंगानं गोल कर, मग माती चढीव. खाली जागाच ठिवली न्हाईस तर माती बसंल कुठं, तुझ्या डोस्क्यावर?"

पिराजीचे कान लाल झाले. तो काहीतरी बोलणार होता, पण अंबूबाई "बास" म्हणाली, आणि विषय संपला. त्या अंगणात "बास" या शब्दाला फार वजन. माती तुडवणाऱ्याचा पाय त्या शब्दासरशी वरच्या वर थांबतो. चाक फिरवणारा हात काढून घेतो. कशाला, किती, का, असं कुणी विचारत नाही.

त्यानंतर चहा आला, भडंग आलं, आणि हे झालं.

अंगणातले सगळे तिच्या हाताकडं बघत होते. जिभेला दाढेची मोडकी कड टोचत होती. घाबरलेलं माणूस जे करायची सवय असते तेच करतं, तसं तिनं केलं. तुकडा पदरानं पुसला, अंगठ्याच्या नखावर ठेवला, कानाजवळ नेला आणि दुसऱ्या नखानं टिचकी मारली.

"कच्चं भाजलंय," तिनं निकाल दिला.

अंगणानं मान डोलावली. मातीतलं अंबूबाईला कळत नसेल तर कोल्हापुरात कुणाला कळणार?

संयोगिता रविवार म्हणून घरी होती. चहाचे कप गोळा करायला ती उंबऱ्यात आली होती, ती तिथंच थांबली.

"कुणी केलीया गं ही कॅप?" अंबूबाईनं आवाज चढवला. "तुझ्या दवाखान्यात तर भट्टी न्हाय."

"राजारामपुरीत लॅब आहे, आत्ती. नागसेन म्हणून आहे, तो करतो. माझ्या सगळ्या कॅपा त्याच्याकडंच–"

"त्यो चोर हाय."

"आत्ती, आधी आत चला. मला दाढ बघू दे. मातीचा दोष नसेल–"

"मातीचं तू मला शिकीवणार? पन्नास वर्सं ही माती हातात हाय माझ्या. त्या नागसेननं माती खोटी घातलीया, न्हायतर आच चोरलीया. दोन्हीतलं एक. सगळ्यास्नी सांगतो मी, त्याच्या लॅबची कॅप कुणी तोंडात घालू नगा!"

संयोगिताचा चेहरा पांढरा पडला. अंबूबाईला वाटलं, शरमली पोरगी. आपण निवडलेला माणूस असा निघाला म्हणून शरमली.

गल्लीतल्या कुणीतरी मोबाईल धरला होता. दिवस मावळायच्या आत अंबूबाई हातात तुकडा धरून, तावातावानं, निम्म्या कोल्हापूरच्या मोबाईलमध्ये बोलत होती. लोक हसले, लोकांनी एकमेकांना पाठवलं, आणि लोकांनी ते खरंही मानलं.

बुधवारी जेवताना संयोगितानं ताटावरनं मान वर न करता सांगितलं, "दोन डॉक्टरांनी नागसेनचं काम बंद केलं, आत्ती. त्याच्याकडं चार माणसं आहेत कामाला."

"बरं झालं," अंबूबाई म्हणाली. ती तीन दिवस उजव्या बाजूनं जेवत होती. बोलताना मोडकी कड जिभेला लागायची, आणि अंबूबाई बोलायची थांबणारी नव्हे, त्यामुळं जीभ सोलून निघाली होती. "आता माझी कॅप दुसऱ्या कुणाकडनं तरी करून आण."

"नागसेनच करेल."

"त्यो? माझ्या तोंडात? परत?"

"नाहीतर मग तशीच राहू दे."

अंबूबाईच्या हातातला घास हातातच राहिला. आठ वर्षांत या पोरीनं असा शब्द काढला नव्हता. सकाळी दवाखाना, संध्याकाळी दवाखाना, मधल्या वेळात घर, आणि तोंडात "हो आत्ती" एवढंच.

"तुम्ही स्वतः जा त्याच्याकडं," संयोगिता म्हणाली. "तो तुकडा घेऊन जा. मातीत खोट आहे ते त्याच्या तोंडावर सांगा. तो गप्प बसला, तर मी दुसरी लॅब बघते."

"जातो की! भितो काय कुणाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तुकडा पदराच्या गाठीत बांधून अंबूबाई रिक्षात बसली. सोबत पिराजीला घेतलं. साक्षीदार असावा, आणि नागसेन अंगावर आला तर पुढं ढकलायला कुणीतरी असावं, म्हणून.

तिच्या मनात होतं, एखादी अंधारी खोली असेल, पोत्यांतून हलकी माती भरून ठेवलेली असेल. जिना चढून गेली तर लख्ख उजेडाची खोली. दाराजवळच्या मेजावर एक बाई बसली होती. ती नखाएवढ्या दाताला केसासारख्या कुंचल्यानं ओली पांढरी माती लावत होती, श्वास रोखून. कोपऱ्यात डब्याएवढी भट्टी होती. अंबूबाईनं तिच्याजवळ हात नेला आणि सवयीनं आच अजमावली. आच भरपूर होती. कमी नव्हती. तिला ते आवडलं नाही.

"या मावशी, बसा." चाळिशी ओलांडलेला, कोपरापर्यंत पांढऱ्या भुकटीनं माखलेला माणूस पुढं आला. "मी नागसेन. तुमची ओळख करून द्यायला नगं. सगळं गाव बघतंय तुमास्नी."

"बघू दे की. खोटं काय बोलले न्हाय मी."

एरवी "बोललो" म्हणणारी अंबूबाई परक्या ठिकाणी शुद्ध बोलायला गेली की गडबडायची. पिराजीनं तिच्याकडं चमकून बघितलं. तिनं गाठ सोडून तुकडा मेजावर आपटला.

"सांग. कुठली माती घातलीस?"

नागसेन चिडला नाही, हेच पहिल्यांदा तिला खटकलं. खोटं माणूस आधी चिडतं, हा तिचा अनुभव. त्यानं खणातनं एक कॅप काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "ही बघा. तुमची कॅप भाजली त्याच दिवशीची, त्याच भट्टीतली, त्याच मातीची. माप चुकलं म्हणून माघारी आलती. वाजवा."

अंबूबाईनं ती नखावर घेतली, कानाशी धरली, टिचकी मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारताना तिनं डोळे मिटून घेतले.

पन्नास वर्षांत कानानं तिला फसवलं नव्हतं, आणि आता तिच्याच कानानं तिला सांगितलं, की ही माती पक्की आहे. अशी पक्की, की तिच्या अंगणात असा आवाज आजवर निघाला नव्हता.

"मग माझी?" तिनं कॅप हलकेच मेजावर ठेवली.

नागसेननं चिमट्यानं तुकडा उचलला आणि एका घड्याळासारख्या काट्याच्या यंत्रात धरला. काटा जरासा हलला आणि थांबला. "अर्धा मिलीमीटर. चावायच्या जागी दीड पायजे हुता."

"म्हंजे तूच पातळ केलीस! चोर त्यो चोरच!"

"जाड केली असती तर कॅप वरच्या दाढेला लागली असती, मावशी. तुमचं तोंडच मिटलं नसतं."

"ते तर अजून कुणालाच जमलेलं न्हाय," पिराजी छताकडं बघत म्हणाला.

"तू गप रं!"

नागसेन मांडणीकडं गेला आणि एक डबा घेऊन आला. डब्यावर तिचं नाव होतं. आत पिवळसर दगडी प्लास्टरचा जबडा, खालचा आणि वरचा. अंबूबाईनं मुखवटे शेकड्यांनी बघितले होते, पण स्वतःचं तोंड असं पेटीतनं निघालेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. मधला वाकडा दात, उजवीकडची फट, सगळं तिचंच. गेलेल्या माणसाची, बाराव्या दिवसानंतर घरच्यांनी काढून ठेवलेली वस्तू असावी, तसं.

"वरची दाढ इथं येती," त्यानं वरचा जबडा खालच्यावर बसवला. "खालची दाढ एवढी उंच ठिवलीया. मधी उरली जागा ही. ह्यात कागूद सरकंल एवढीच. माती बसवायची कुठं? आन हे बघा." त्यानं खालचा जबडा तिच्या हातात दिला. "हात लावून बघा."

तासलेली डावी दाढ. त्या दगडी जबड्यात ती चौरंगासारखी बसली होती. माथा सपाट, कडा उभ्या.

अंबूबाईनं अंगठा फिरवला.

कोपरा लागला.

डोक्याला कळायच्या आधी ते अंगठ्याला कळलं. हा ठोकळा होता. रविवारी सकाळी ज्यावरनं तिनं पिराजीला झाडलं तो ठोकळाच हा, फक्त वाटाण्याएवढा. अर्धवट तासलेला, गोल न केलेला, मातीला आतनं खाणारा. चार कोपरे होते, आणि चारही तिच्या अंगठ्याला एकेक करून लागले. अंगठा तिसऱ्या कोपऱ्यावर थांबला. नागसेननं मोडका तुकडा उचलून तिथं टेकवला. चीर बरोबर त्याच कोपऱ्यावरनं निघाली होती.

तिनं पिराजीकडं बघितलं. पिराजीलाही दिसलं होतं. तीस वर्षांचा हिशेब चुकता करायला याहून चांगली वेळ त्याला मिळणार नव्हती, पण तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"बोल की रं," ती म्हणाली.

"मी काय बोलू? तुमीच सांगा, हे लाकूड कुणी तासलं."

"संयोगितानं!" अंबूबाई उठून उभी राहिली. एक धक्का पचला नव्हता तोवर दुसरा बसला होता, पण आता तिला राग धरायला जागा सापडली. "पाच वर्सं शिकली, भिंतीवर सर्टिफिकिटं लावली, आन एक दाढ तासता येईना? माझ्या घरात राहून कोपरा ठिवती? चल पिराजी. दवाखान्यात जाऊन सगळ्या पेशंटांसमोर–"

"थांबा, मावशी."

नागसेन पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलला. त्यानं एका जाड फाईलमधनं कागद काढला. काढला, पण लगेच दिला नाही. हातात धरून विचार करत राहिला.

"हे दावणार नव्हतो. पण तुमी आता मॅडमवर निघाला. माप आलं तवाच मी फोन केलता त्यास्नी. म्हटलं जागा न्हाय, कोपरं धारदार हायत, परत तासून माप पाठवा. त्या म्हणाल्या, जमणार न्हाय. म्हटलं, तसं लिहून द्या मग. मराठीत द्या, आमच्या पोरास्नीबी वाचता आलं पायजे."

अंबूबाईची शाळा दुसरीत सुटली होती. सही यायची, एसटीची पाटी वाचता यायची, आणि एवढ्यावर तिचं आजवर काही अडलं नव्हतं. तिनं कागद लांब धरला आणि एकेक अक्षर बोटानं दाबत वाचलं.

"पे-शं-ट दाढ पुढं ता-सू देत ना-हीत. आहे त्या जा-गेत करा. मो-ड-ल्यास ज-बा-ब-दा-री माझी."

खाली संयोगिताची सही.

"पेशंट कोण?" तिनं विचारलं.

डबा मेजावरच होता, नाव वर करून.

आणि मग तिला ती खुर्ची आठवली. डोळ्यांवर आलेला दिवा, पाण्याचा फवारा, जळक्या हाडासारखा वास. दुखत नव्हतं अजिबात. नस काढलेली दाढ दुखणार कशी? पण यंत्र घुरघुरत होतं आणि थुंकायच्या भांड्यात पांढरं पाणी जात होतं, आणि ते पांढरं म्हणजे आपली दाढ, हे तिला सोसलं नव्हतं.

"वरनं दीड मिलीमीटर काढावं लागेल, आत्ती. आणि कडा गोल कराव्या लागतील."

"सासष्ट वर्सं जपलेली दाढ हाय ती. तुझ्या बापानं दिल्याली न्हवं."

"मग धातूची कॅप बसवू. तिला कमी तासावं लागतं."

"पत्रा? जावंच्या तोंडात हाय तेवढा पत्रा गल्लीला पुरं. मला पांढरी पायजे."

यंत्र पुन्हा घुरघुरलं. अंबूबाईनं सुनेचं मनगट धरलं होतं.

"बास."

"आत्ती, अजून निम्मंसुद्धा–"

"बास म्हटलं न्हवं?"

दिवसभर बाकीच्या पेशंटांना दटावणारी, फौजदाराला गप्प बसवून त्याची अक्कलदाढ उपटणारी ती डॉक्टरीण क्षणभर थांबली होती. मग तिनं यंत्र हुकाला अडकवलं. हात डॉक्टरचा होता, पण आठ वर्षं त्या अंगणात वावरलेला. "बास" म्हटल्यावर तो वरच्या वर थांबला. "चालंल न्हवं एवढ्यात?" असं अंबूबाईनं रुबाबात विचारलं होतं. सून म्हणाली होती, "बघूया." त्या "बघूया"त काय होतं ते ऐकायला मातीचा आवाज ओळखणारा तिचा कान त्या दिवशी कुठं गेला होता, देव जाणे.

अंबूबाई स्टुलावर बसली.

"पाणी दे रं बाबा."

नागसेननं तांब्या दिला. ती घटाघटा प्यायली, तांब्या मांडीवर धरून राहिली.

"चूक माझीबी हाय," तो म्हणाला. "असलं माप मी माघारी पाठवायला पायजे हुतं. मॅडमचा आवाज ऐकला आन ठिवून घेतलं."

"चार दिस झालं," ती म्हणाली. "दोन डॉक्टरांचं काम गेलं तुझं. ही चिठ्ठी तुझ्याजवळ हुती. त्या डॉक्टरांच्या तोंडावर का न्हाय मारलीस?"

"मॅडमचं नाव हाय तिच्यावर. ती मला लिहून दिलीया, गावाला न्हाय."

सूनही चार दिवस त्याच घरात, त्याच ताटाला होती. "तुम्हीच थांबवलं होतं," हे तीन शब्द तिनं अंगणात उच्चारले असते तर सगळं मिटलं असतं. तिनं उच्चारले नाहीत. हा इथं काम गमावून बसला, ती तिथं मान खाली घालून जेवली, आणि दोघांच्या मध्ये ही एक बाई मोबाईलमध्ये ओरडत राहिली. अंबूबाईला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा आवाज आठवून कानशिलं तापल्यासारखं झालं.

"ह्यो जबडा मला दोन दिस देशील?" तिनं विचारलं.

"तुमचाच हाय की."

तुकडा पुन्हा पदरात बांधून घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. पिराजीनं दोनदा विचारलं, उलटी येतीया काय.

त्याच दिवशी चारला तिनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. रविवारी होते तेवढे सगळे. संयोगितालाही दवाखान्यातनं बोलावून घेतलं. ती धावतपळत आली, गळ्यात मास्क तसाच लोंबत होता. पाट मांडला होता. पाटावर तो जबडा.

"रविवारी मोबाईल कुणी धरलता?" अंबूबाईनं विचारलं. कुणी पुढं येईना. "आरं, मारत न्हाय. धरा आता. कुणीबी धरा."

तीन हात वर आले.

तिनं जबडा उचलून सगळ्यांसमोर फिरवला. "ही माझी दाढ. पिराजी, अंगठा लाव. कोपरा हाय का न्हाय?"

"हाय," पिराजी म्हणाला. रविवारी त्याचा मुखवटा फुटला होता, पण आवाजात कसलाही आनंद नव्हता.

"ठोकळ्याला कोपरा ठिवला, जागा ठिवली न्हाय, वरची माती मोडली. माती पक्की हुती. आच पक्की हुती. नागसेनच्या भट्टीत खोट न्हाय, मी सोता वाजवून आलो. ठोकळा तासायला डॉक्टरीण तयार हुती. तिचा हात धरला त्यो मी."

"आत्ती, राहू दे," संयोगिता पुढं आली. तिचे डोळे भरले होते. "एवढं नको."

"तू थांब. रीत हाय घरची."

अंबूबाईनं पदराची गाठ सोडून तो पांढरा तुकडा पाटावर ठेवला. थापी उचलली. थापी खाली आली आणि तुकड्याचं पीठ झालं.

"ही अंबूबाईची," ती मोठ्यानं म्हणाली.

थोरल्या जावेनं तोंडाला पदर लावला. अंबूबाईच्या नावानं त्या अंगणात कधी काही फुटलं नव्हतं, पन्नास वर्षांत नव्हतं. पिराजीनं खाली वाकून ते पीठ चिमटीत गोळा केलं आणि खापऱ्यांच्या टोपलीत टाकलं, त्याच्या मुखवट्याच्या खापऱ्यांवर.

दोनपैकी एका डॉक्टरनं दुसऱ्याच दिवशी नागसेनला काम पाठवलं. दुसऱ्यानं मोबाईल बघून हसून सोडून दिलं. अंबूबाई शनिवारी त्याच्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसली. नंबर आल्यावर आत गेली, जबडा त्याच्या मेजावर ठेवला आणि म्हणाली, "डॉक्टर, अंगठा लावा." अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नागसेनला द्यायचा मापाचा एक डबा होता.

सोमवारी ती सुनेच्या खुर्चीत बसली. संयोगितानं राहिलेली मोडकी कॅप आधी काढली. मग ते यंत्र घुरघुरलं, पाणी उडालं, पांढरं पाणी भांड्यात जाऊ लागलं. थोड्या वेळानं अंबूबाईचा उजवा हात आपसूक वर उठला. संयोगिताचं यंत्र वरच्या वर थांबलं.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीच्या तोंडात नळी, दुसरीच्या तोंडावर मास्क.

अंबूबाईनं तो वर आलेला हात खाली घेतला, मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसली. मानेनं खूण केली, चालू दे.

पुष्कळ वेळ लागला. मधे एकदा नळी काढली तेव्हा ती म्हणाली, "कोपरं बघ. एक बी ऱ्हायला नगं."

"आत्ती, तोंड उघडा. आणि बोलू नका."

तिनं उघडलं. बोलली नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं, मग बारीक झालं, मग नुसतं कुरवाळल्यासारखं फिरलं आणि थांबलं.

"बास," संयोगिता म्हणाली.

अंबूबाईनं मांडीखालनं हात काढला. मुंग्या आल्या होत्या. तिनं अंगठा तोंडात घातला आणि दाढ चाचपली. केवढीशी उरली होती! तांदळाच्या कणीएवढी वाटली तिला. पण अंगठा तिनं सगळ्या अंगानं फिरवला, एकदा, दोनदा, सावकाश. कोपरा कुठंच लागला नाही.